कांजण्या बऱ्या झाल्यावर पण पोरगं दुसऱ्याला देऊ शकतं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून जुने धागे न शोधता डायरेक्ट विचारतेय, रागावू नका.

माझ्या मुलाला कांजण्या झाल्या होत्या. गड्ड्याची जत्रा संपून ऊन तापायला लागलं की आमच्या जुळे सोलापुरात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेत हे सुरू होतंच. आता ताप नाही, नवीन फोड नाही, सगळ्यांवर खपल्या धरल्यात, पाठीवरच्या गळून पण पडल्या, कानामागं थोड्या राहिल्यात त्या तो टीव्ही बघत नखानं खरवडत बसतो. डॉक्टरांनी शाळेत पाठवा म्हणून चिठ्ठी पण दिलीय.

प्रॉब्लेम शाळेचा नाही, घरातला आहे. नणंद पहिल्या बाळंतपणाला बार्शीहून आमच्याकडं यायचीय, नववा लागेल आता, आणि तिला लहानपणी कांजण्या झाल्या का नाही कुणालाच आठवेना. सासूबाई म्हणतात शेवटची खपली पडून कडुलिंबाचं पाणी घालेपर्यंत देवीआई घरातच असते, खपली उडाली तरी लागतं, तोवर पोरीला उंबऱ्यात आणायचं नाही. मिस्टर म्हणतात डॉक्टर बोलले ना, संपला विषय. मी मधल्यामधी, कुणाचं ऐकू?

होटगीरोडकर : काय होत नाही ओ, अंथरूण-चादरी धुऊन उन्हात टाका आणि बिनधास्त आणा.

वॉर्डातली ताई : बिनधास्त नको, थांबा जरा. मी नर्स आहे, जेवढं पक्कं माहितीय तेवढंच सांगते.

पुरळ दिसायच्या एकदोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पेशंट दुसऱ्याला कांजण्या देऊ शकतो. साधारण पाच-सात दिवस लागतात त्याला. कोरड्या खपलीतनं लागत नाही, म्हणजे तुमच्या मुलाकडनं आता धोका नाही, नखं मात्र कापा, खरवडून जखम पिकते. पण सासूबाईंना हसू नका, त्यांचं म्हणणं देवीच्या रोगाच्या वेळचं आहे. देवीत खरंच शेवटची खपली पडेपर्यंत माणूस वेगळा ठेवायला लागायचा. तो रोग गेला, 1980 मध्ये डब्ल्यूएचओनं जगातनं गेला म्हणून जाहीर केलं, तो नियम मात्र घराघरात कांजण्यांना चिकटून राहिला.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाही. घरात अजून कुणाला कांजण्या व्हायच्या राहिल्यात का?

धागाकर्ती : धाकटी मुलगी आहे की! साडेतीन वर्षांची, लसीचा एकच डोस झालाय, भावाच्या शेजारीच झोपते. पण तिला काहीच नाही, ठणठणीत आहे.

वॉर्डातली ताई : मग पोराचं सोडा, तिच्यावर लक्ष ठेवा. संसर्ग झाल्यापासून पुरळ यायला 10 ते 21 दिवस लागतात, म्हणजे आज ठणठणीत दिसतीय त्याला काही अर्थ नाही. एका डोसनंतर पण होऊ शकतात, चारदोनच फोड येतात आणि घरच्यांना डास चावल्यासारखं वाटतं, तरी त्यातनं दुसऱ्याला लागतंच. मुलाचे फोड ज्या दिवशी पूर्ण सुकले तिथनं 21 दिवस मोजा, तोवर नणंदेला आणू नका.

दुसरं, बार्शीतच तिच्या डॉक्टरांना सांगून कांजण्यांची आयजीजी अँटीबॉडी टेस्ट करून घ्या, साधी रक्ताची असते. पॉझिटिव्ह आली म्हणजे तिला पूर्वी होऊन गेल्यात, मग लवकर आणायचं का ते डॉक्टरांना विचारून ठरवा. निगेटिव्ह आली तर लस आता देता येत नाही, ती जिवंत विषाणूची असते, गरोदरपणात चालत नाही. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला पुरळ आलं तर बाळाला फार जड जातं, म्हणून एवढं बोलतेय.

धागाकर्ती : बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि मागं ती हळदीकुंकवाला येऊन गेली, तेव्हा मुलाला नुसती कणकण होती, पुरळ दुसऱ्या दिवशी दिसलं. त्याचं काय?

वॉर्डातली ताई : अहो हे आधी सांगायचं! मग उद्याची वाट नको, आत्ता तिला फोन करा. एकत्र बसली होती ती तारीख डॉक्टरांना सांगायची. अँटीबॉडी नसतील तर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन असतं, ते त्या तारखेपासून 10 दिवसांच्या आत द्यायला लागतं, दिवस उलटले असतील तर पुढं काय ते डॉक्टर ठरवतील. आणि दवाखान्यात निघायच्या आधी फोन करून कल्पना द्या, नाहीतर बाहेर बाकीच्या गरोदर बायकांच्या रांगेत बसवतील तिला.