ऊस आहे तोवर सांगलीत नवं काही सुचायचं नाही?

माळकरी: काल एका ग्रुपवर वाचलं, ‘कृष्णामाई आहे, ऊस आहे, हळद आहे, सांगलीत उद्योग आपोआप येतील.’ डोकंच फिरलं. किर्लोस्करांनी १९१० मध्ये लोखंडी नांगरांचा कारखाना कुठं काढला? कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर. आसपास ना कोळसा, ना लोखंड. आणि आम्ही काळ्या रानात पाणी सोडतो नि तोडीची वाट बघतो. वालचंद कॉलेज १९४७ पासून इंजिनिअर घडवतंय, पोरं पुण्याच्या गाडीत.

वाळवेकर: शेजारचं रेल्वे स्टेशन आणि औंधच्या राजांनी दिलेली जमीन सोयीनं गाळलीस की. आणि काळी रानं नसती तर लोखंडी नांगर काय निवडुंगाला विकले असते?

पेवकर: हरिपूरची पेवं विसरलात. मातीतल्या खड्ड्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही. उघडलं की आजोबा आधी कंदील सोडायचे. विझला तर आत हवा खराब, कुणी उतरायचं नाही. ही अक्कल तिथल्या मातीनंच दिली ना?

माळकरी: दिली. २००५ च्या पुरात पाणी शिरलं, मग पुढं काय शोधलं? कोल्ड स्टोरेज भाड्यानं घेतलं!

काटेरी: नवं सुचत नाही म्हणता? वजनकाट्यावर या. गेल्या हंगामात माझी उसाची गाडी बाहेरच्या काट्यावर १८ टन ४००, साखर कारखान्यात १७ टन ६००. आठशे किलो हवेत. हे संशोधन नाही तर काय?

वाळवेकर: गाडीतलं पाचट, माती धरली का?

काटेरी: दोन्ही काट्यांवर पाचट तेच होतं, साहेब! तुमचे कोण कामाला आहेत का तिथं?

वाळवेकर: भाऊ आहे. त्याच पगारावर घर चाललंय, तोंड सांभाळून.

पेवकर: झालं, धागा काट्यावर गेला.

चाळकेवाडीचा पाहुणा: साताऱ्याचा आहे, पण बोलतो. आमच्या पठारावर वारा, म्हणून पवनचक्क्या. वारा आमचा, यंत्रं बाहेरची. आमच्या पोरांना वॉचमनकी.

तासगावी: मग आमचं बघा. पाण्याची बोंब होती तेव्हा द्राक्षं लावली. तास-ए-गणेश हा वाण आमच्याच तालुक्यातला.

माळकरी: हेच तर म्हणतोय! अडचणीतून सुचतं.

तासगावी: थांबा, नाचू नका. आता पाणी म्हैसाळ-ताकारी उपसा योजनांचं. ते आलं नसतं तर बागा टँकरवरच वाळल्या असत्या. नुसत्या अडचणीला फळ धरत नाही.

माळकरी: बरं बाबा. पाणी पाहिजे. पेव पण तुमचं.

काटेरी: माळकरी, तुझ्या रानात काय आहे?

माळकरी: दोन एकर ऊस. तोड आली नाही अजून.