मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर कापोसी सार्कोमाचे निदान: हा नेमका कोणता प्रकार मानायचा?

माझ्या वडिलांच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाला दीड वर्ष झाले. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा मोजा काढताना मला डाव्या घोट्याच्या वर एक जांभळट चट्टा दिसला. तो दुखत नव्हता, खाजत नव्हता आणि बोटाने दाबूनही पूर्ण फिका पडत नव्हता. कुठेतरी लागले असेल, असे समजून आम्ही तीन आठवडे थांबलो, तोवर शेजारी आणखी दोन उमटले. बायोप्सीत कापोसी सार्कोमाचे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी संबंधित एका कर्करोगाचे, निदान झाले आहे.

हे नाव शोधल्यावर जिथे तिथे एड्सचाच उल्लेख आढळल्याने आई पार खचली आहे. वडिलांची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आहे, हे कितीदा सांगितले तरी तिच्या मनातली शंका जात नाही. वडील ६४ वर्षांचे आहेत. मग हा वयस्कर पुरुषांना होणारा क्लासिक प्रकार समजायचा की प्रत्यारोपणाशी संबंधित? हे ठरते कशावरून? प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी केल्यास नवे मूत्रपिंड धोक्यात येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आईंना आधी हे सांगा, की मोरित्झ कापोसी यांनी १८७२ साली या आजाराचे वर्णन केले, तेव्हा एड्स हा शब्दही अस्तित्वात नव्हता. १९८१ मध्ये अमेरिकेतील तरुण समलिंगी पुरुषांमध्ये तो आढळू लागला आणि तेव्हापासून ही दोन नावे लोकांच्या मनात एकमेकांना चिकटली.

सूक्ष्मदर्शकाखाली सारे प्रकार जवळपास सारखेच दिसतात; प्रकार ठरतो तो रुग्णाच्या परिस्थितीवरून. मुळाशी असलेला विषाणू, एचएचव्ही-८, सगळीकडे एकच असून तो १९९४ साली युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी शोधला. हा विषाणू अंगात असूनही बहुतेकांना काही होत नाही. क्लासिक प्रकार भूमध्य सागराच्या परिसरातील आणि पूर्व युरोपीय वंशाच्या वयस्कर पुरुषांत अधिक दिसतो व बहुधा वर्षानुवर्षे पायांवरच रेंगाळतो. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आढळणारा प्रकार मात्र लहान मुलांच्या लसिका ग्रंथींत शिरून झपाट्याने पसरू शकतो. हे दोन, एड्सशी संबंधित आणि प्रत्यारोपणानंतरचा अशा चार प्रकारांशिवाय एचआयव्ही नसलेल्या समलिंगी पुरुषांमधला प्रकारही आता अनेक तज्ज्ञ वेगळा, पाचवा मानतात.

तुमच्या वडिलांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असल्याने, वय काहीही असले तरी त्यांचा आजार प्रत्यारोपणानंतरच्या प्रकारातच धरला जाईल. यात एक दिलाशाची गोष्ट आहे: औषधांचा जोर कमी केल्यावर चट्टे अनेकदा विरतात. प्रतिकारशक्ती दाबणारे टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन चालू असेल, तर त्याऐवजी त्याच कामाचे सिरोलिमस हे औषध देण्याचा विचार होतो, कारण ते नवे मूत्रपिंड नाकारले जाण्यापासूनही रक्षण करते आणि या गाठींच्या वाढीलाही आळा घालते. मात्र ते सर्वांनाच मानवत नाही, आणि मात्रा घटवताना मूत्रपिंड नाकारले जाण्याचा धोका खराच असतो. म्हणून स्वतःहून एकही गोळी कमी करू नका, क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर) लक्ष ठेवून तो निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञांनाच घेऊ द्या.

आजच बॅटरीच्या उजेडात वडिलांच्या तोंडातील टाळू आणि हिरड्या नीट पाहा. तिथे जांभळा डाग असेल, शौचास काळे होत असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच कळवा.