तुमच्यामुळे कुणाला उजेड मिळाला? किंवा कुणामुळे तुम्हाला?

'तुम्ही जगाचा प्रकाश आहात' हे वचन (बायबल, मत्तय ५:१४) ख्रिस्ती घरात वाढलेल्यांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं, की ते कानावरून नुसतं घरंगळतं. येशूने ते डोंगरावर, उघड्या आभाळाखाली सांगितलं. त्याच प्रवचनात आकाशातली पाखरं आहेत, रानातली फुलं आहेत, ऊन-पाऊस आहे. म्हणून ही विनंती: निसर्गातलं काही बघताना हे वचन तुम्हाला उमगलं असेल, किंवा तुमच्या श्रद्धेमुळे कुणाला अंधारात जरा दिसू लागलं असेल, तर लिहा. तुम्हालाच कुणाचा उजेड मिळाला असेल तर तेही. फक्त प्रवचन नको, त्याची सोय रविवारी आहे.

माझ्यापासून सुरुवात करतो. मला दुर्बिणीचं वेड. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून पाहिला की डोळे दिपतात. पण चंद्राची जमीन मुळात जुन्या डांबरी रस्त्याइतकी काळपट आहे. पडलेल्या उजेडातला सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच ती परत पाठवते, आणि तेवढ्यावर आपल्याला पायवाट दिसते. हे वाचलं तेव्हा माझी प्रार्थना पार आटली होती. उपासनेला जायचो, गायचो, आत काही हलायचं नाही. त्याच दिवसांत ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा तरुण मुलगा गेला. तो माझ्या टेबलापाशी येऊन बसला आणि म्हणाला, "तू चर्चला जातोस ना, काहीतरी म्हण." माझ्याकडे स्वतःचं असं काहीच नव्हतं. तेविसावं स्तोत्र पाठ होतं, ते हळू आवाजात म्हटलं. त्यातल्या मृत्युच्छायेच्या दरीच्या ओळीपाशी आलो तेव्हा त्याने माझा स्टेपलर मुठीत गच्च धरला होता. 'कारण तू माझ्याबरोबर आहेस' हे त्याने पुन्हा म्हणायला लावलं. नंतर बरेच दिवस जेवणाच्या सुट्टीत यायचा, तेवढंच ऐकून जायचा. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अ‍ॅम्ब्रोज यांनी मंडळीला, म्हणजे चर्चला, चंद्राची उपमा दिली होती: उजेड ख्रिस्ताचा, तिचा नव्हे. मला ती फार उशिरा सापडली.

आता तुम्ही.

— कासवांच्या पिलांसाठी किनाऱ्यावर काम करणारी

अंड्यातून निघालेलं पिलू रात्री समुद्र शोधतं ते मुख्यतः उजेडाच्या खुणेवर. मोकळ्या पाण्याकडचं क्षितिज जमिनीकडच्यापेक्षा उजळ असतं. किनाऱ्यालगत कुणी झगझगीत दिवा लावला, की पिलं उलटी फिरून त्याच्याकडे चालू लागतात. चालून चालून दमतात, सुकतात, नाहीतर कुणाच्या तरी तोंडी जातात. म्हणून पिलं निघायच्या वेळी आमची पहिली धावपळ असते दिवे मालवायला लावण्याची. तेव्हापासून 'आपण झळकलं पाहिजे' असं कुणी म्हणालं की मला धडकीच भरते. एका फार छान बोलणाऱ्या पुढाऱ्यामागे माणसं कशी धावली ते मी पाहिलंय. तो निघून गेला आणि त्यातली निम्मी श्रद्धेतूनच उठली. मला बाप्तिस्मा करणारा योहान जवळचा वाटतो. त्याने येशूकडे बोट दाखवलं, त्याचे दोन शिष्य उठून येशूमागे गेले, आणि त्याने त्यांना अडवलं नाही.

— मी ख्रिस्ती नाही, चालेल का?

वडील अतिदक्षता विभागात होते. आमच्या ऑफिसातली एक ताई, ख्रिस्ती, रोज संध्याकाळी बाहेरच्या बाकावर येऊन बसायची. धर्माबद्दल चकार शब्द नाही. विम्याचे फॉर्म तिने भरले. माझा फोन स्वतःकडे घेऊन नातेवाइकांना तेच तेच उत्तर न कंटाळता दिलं. एकदा मी तिच्यावर भडकलो, "तुमचा देव असं का करतो?" ती म्हणाली, "मला नाही माहीत रे. मीही त्याला हेच विचारते." दुसऱ्या कुणी मोठं स्पष्टीकरण दिलं असतं तर मी उठून गेलो असतो. वडील गेले. मी आजही ख्रिस्ती नाही, व्हावं असं तिने कधी सुचवलंही नाही. पण ओळखीतलं कुणी दवाखान्यात आहे असं कळलं की मी फॉर्म भरायला जाऊन बसतो.

(विनंती करणारा मी: यात निसर्ग कुठेच नाही. राहू दे, मी काही काढायला सांगणार नाही.)

— संडे स्कूलची शिक्षिका

शिबिराच्या रात्री मुलांना रानात नेलं आणि टॉर्च बंद करायला लावले. रडारड झाली. डोळे अंधाराला नीट सरावायला २०–३० मिनिटं लागतात, तोवर गाणी म्हणत बसलो. हळूहळू झुडपांत काजवे दिसायला लागले. ते मघापासून तिथेच होते, आमच्या टॉर्चपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. एक काजवा एका मुलाच्या मनगटावर बसला. त्याने हात जराही हलवला नाही, नुसतं कुजबुजला, "टीचर, भाजत कसं नाही?" मी सांगितलं, त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ असतो, प्राणवायूशी संयोग होऊन उजेड पडतो आणि उष्णता जवळपास नसतेच. लगेच एकीचा प्रश्न, "मग तो आपल्यासाठी चमकतो का?" खरं ते सांगावं लागलं: नाही गं, जोडीदाराला खूण म्हणून. (माझा तयार करून नेलेला धडा तिथेच संपला!) पण नंतर त्या मुलाची आई भेटली. घरात दिवे गेले आणि धाकटी घाबरली, की हा तिच्याशेजारी बसून सांगतो, "थांब, डोळे सरावतील."

— शंका

मत्तय ५:१६ म्हणतं, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. पुढच्याच अध्यायात, दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. मग करायचं काय माणसाने?

— निवृत्त पाळक

दोन्हीकडे शेवटचा भाग वाचा. पाचव्यात सत्कृत्यं पाहून लोक गौरव करतात तो स्वर्गातल्या पित्याचा. सहाव्यात दान देताना कर्णा वाजवणारा तो गौरव स्वतःकडे घेतो. काम तेच असू शकतं. मला मोशे आठवतो. निर्गम ३४ मध्ये तो सीनाय पर्वतावरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा तेजस्वी झाला होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. लोक मात्र बघून बिचकले. आमच्या मंडळीत एक आजी शेवटच्या बाकावर बसायच्या. नवखा माणूस आला की त्याला गीताचं पान काढून द्यायच्या आणि पहिली ओळ संपेपर्यंत तिच्यावर बोट ठेवायच्या. समितीवर नाहीत, साक्ष द्यायला, म्हणजे श्रद्धेचा अनुभव सांगायला, कधी उभ्या नाहीत. त्यांच्या दफनविधीला मला अनोळखी अशी किती माणसं आली होती!

— नाव नको

नैराश्यावर औषधं चालू आहेत. 'प्रकाश हो' ऐकलं की अंगावर येतं. सूर्य क्षितिजाच्या खाली असतानाच वातावरणामुळे उजाडायला लागतं, हे कुणीतरी सांगितलं. सध्या तेवढंच धरून आहे. जास्त लिहवत नाही.

— जन्मांध वाचक

तुम्ही सगळे चौदाव्या वचनावर थांबलात. मी आपला तेराव्यावर, तिथे 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात' असं आहे, मिठाला डोळे लागत नाहीत. गंमत सोडा. सूर्य मला गालावर कळतो, पहाट पाखरांवरून. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२५ च्या सुमारास सूर्याला भाऊ म्हणत देवाची स्तुती रचली. त्या वेळी डोळ्यांच्या दुखण्याने त्यांना उजेड सोसवत नव्हता, हे मला विशेष वाटतं. बाकी कोण प्रकाश आहे ते मला रस्ता ओलांडताना समजतं. बरेचजण दंड पकडून ओढतात, वर "देव तुमचं भलं करो" म्हणतात. आमच्या चर्चमधला एक मुलगा आधी विचारतो, "काका, येऊ का बरोबर?" मग स्वतःचं कोपर पुढे करतो. मी ते धरतो आणि अर्धं पाऊल मागून चालतो. पायरी आली की तो थांबतो, वर आहे की खाली ते सांगतो. पलीकडे पोहोचलो की कोपर काढून घेतो आणि विचारतो, "इथून जाल ना?"