चारचा प्रभाग, चार मतं... तुम्ही उमेदवार कसा ठरवता?

पेठकर_98:
मंडळी, कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, महापालिकेला पहिल्यांदाच मत देणार. 2015 ला अठरा पूर्ण नव्हती, मग 2020 ला सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या या निवडणुकीपर्यंत प्रशासकच. घरात बाबा नेत्याचा गट बघतात, आजी म्हणते आपल्या तालमीनं, म्हणजे पेठेतल्या मंडळानं, शब्द दिलाय तिकडंच द्यायचं, मित्र पक्षावर भांडतात. प्रभागात चार जागा, म्हणून प्रत्येकाला चार मतं, पण उभ्या असलेल्यांतला मला एकच माहितीय, बाकीचे फक्त वाढदिवसाच्या बॅनरवर बघितलेत. तुम्ही नक्की काय बघता? मनापासून विचारतोय.

कुंभारगल्ली:
भावा, मी पूर बघून ठरवतो. 2019 ला पंचगंगा 43 फुटाची धोका पातळी ओलांडून किती वर गेली सगळ्यांनी बघितलंय. आमच्या शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा गणपती तोंडावर, अर्ध्या मूर्ती भिजून नुसता गाळ झाला. पाणी उतरल्यावर एकजण खोरं घेऊन आला, तीन दिवस आमच्या शेडातला चिखल काढला, आईनं दिलेला चहा पायरीवर बसून प्याला आणि गेला, कुठला पक्ष ते पण मला नंतर कळालं. तो आता उभा हाय. माझं एक मत तिथं गेलं, उरलेल्या तीनचं तुझ्यासारखंच.

मंगळवारपेठेतली_वहिनी:
मी दारात येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारते, आमच्या गल्लीत पाणी किती वाजता येतं सांगा. थेट पाईपलाईनचं श्रेय सगळेच घेतात हो, काळम्मावाडी धरणाचं पाणी 2023 ला आलं ते पण मान्य, पण पहाटे उठून बाई नळापाशी कधी उभी राहते हे माहिती नसेल तर सभागृहात आमच्यासाठी काय बोलणार? आत्तापर्यंत एकीनंच बरोबर वेळ सांगितली. ती दुसऱ्या पक्षाची आहे, तरी तिला देणार.

जुना_कार्यकर्ता:
वहिनी, पटतंय, पण 81 जणांच्या सभागृहात एकटा चांगला माणूस निधी आणू शकत नाही, मागं माणसं लागतात. गोकुळ दूध संघ, जिल्हा बँक, साखर कारखाना, सगळीकडं गटच चालतो आपल्याकडं, म्हणून बाबा गट बघतात ते अगदीच चूक नाही. फक्त पाकीट घेऊन मत देऊ नका, मग पाच वर्षं त्याला जाब विचारायला तोंड राहत नाही. आणि शपथपत्र वाचा, गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं त्यात लिहून द्यावं लागतं.

पेठकर_98:
वाचली काका, चारी जागांची. ज्याला तालमीनं शब्द दिलाय त्याच्या शपथपत्रात मारामारीचा गुन्हा निघाला. आजीला जेवताना वाचून दाखवला, ती गप्पच झाली, मग म्हणाली परत एकदा वाच. त्या जागेवर कुणी पटलंच नाही तर नोटा, म्हणजे 'यापैकी कुणीच नाही'चं बटण, दाबीन, बाकी तीन जागांच्या उमेदवारांना रविवारी घरी आले की वहिनींचा पाण्याचा प्रश्न विचारणार.