नेल गन चालते पण पिन पूर्ण आत जात नाही, काय करू?

सुतार_पूर्व_नागपूर: भाऊ लोकहो, वर्धमान नगरला एका फ्लॅटचं फर्निचर करून राहिलो. एफ-30 गन आहे, 18 गेज जाडीच्या 30 एमएमच्या पिना. चार दिवसांपासून पिनेचं डोकं 3-4 एमएम वरच राहते, मग हातोडीनं ठोकावं लागते आणि सागवानी लिपिंगवर (कडेच्या पट्टीवर) डाग पडतात, पार्टी रोज येऊन पाहते. कंप्रेसर 1 एचपी, 24 लिटर टाकी, खाली पार्किंगमध्ये ठेवला, त्याचं प्रेशर गेज 90 पीएसआय दाखवते म्हणजे हवा बरोबर आहे. गन बदलावी का?

लाकडगंज_वर्कशॉप: थांब भाऊ, आधी पैसे घालू नको. सगळ्याच पिना वर राहतात का पहिल्या नीट जातात?

सुतार_पूर्व_नागपूर: पहिल्या दोन एकदम मस्त बसतात, थोडं थांबलो की परत दोन नीट. भराभर मारल्या की वर राहतात.

लाकडगंज_वर्कशॉप: मग गन नाही, हवाच कमी पोचून राहिली. 90 तू गन बंद असताना पाहतो ना, ते काही खरं नाही. एकाला गेजजवळ उभं कर आणि वरून पाच-सहा पिना लागोपाठ मार. सुई धपकन खाली गेली तर कंप्रेसर पुरत नाही नाहीतर रेग्युलेटर (प्रेशर कमी-जास्त करायचा नॉब) चोंदला, आणि सुई हललीच नाही तर हवा पाइपात अडकते. पाइप कोणता आहे? बाहेरून 8 एमएमचा पीयू (प्लास्टिकचा) असेल तर आतून भोक 5 एमएमचंच राहते, दोन मजले चढेपर्यंत जोर मरून जातो. प्रेशर वाढवत बसू नको, गनवर लिहिलंय त्याच्या वर तर कधीच नाही. कंप्रेसर वर ने आणि छोटा पाइप लावून पाह.

वर्ध्याचा_फिटर: भाऊ बरोबर सांगून राहिले. त्यातही टाकीच्या खालचा कॉक उघडून पाणी काढ, पावसाळ्यात लई साचते. आणि गनमध्ये तेल कधी टाकलं होतं? मे महिन्याच्या उन्हात साइटवर पडलेल्या गनची ओ-रिंग (आतली रबरी रिंग) कडक होते, माझीवाली हातात घेतली तर नखानं तडा दिसत होता. रोज सकाळी हवेच्या तोंडातून न्यूमॅटिक ऑइलचे (हवेच्या गनसाठीच्या तेलाचे) दोन-तीन थेंब टाक, गाडीचं इंजिन ऑइल नको. गन उघडायच्या आधी पाइप काढायचा आणि पिना पण काढायच्या, हे विसरू नको, माझ्या हेल्परच्या बोटातून पिन आरपार गेली होती.

सुतार_पूर्व_नागपूर: करून पाहिलं. सुई 90 वरच होती, जराशी हलली फक्त. कंप्रेसर वर आणून 5 मीटरचा पाइप लावला, वीस पिना लागोपाठ मारल्या, सगळ्या बसल्या. टाकीतून लालसर पाणी निघालं अर्धा ग्लास. फक्त सागवानाच्या गाठीवर एखादी अजून जराशी वर राहते.

लाकडगंज_वर्कशॉप: गाठीवर राहणारच, तिथं दोन बोटं बाजूला मार. उद्या तेल टाक, आणि खालूनच हवा न्यायची असेल तर 12 एमएमचा पाइप घे.