तीन महिने थांबायचं कशाला?

तू विचारलंयस की गरोदरपणाचा पाचवा आठवडा चालू आहे, घरी आत्ताच सांगू का. आणि बहुतेकींचं उत्तर 'तीन महिने थांब, नजर लागते'. नजरेचं सोड, पण बरेचसे गर्भपात पहिल्या 12 आठवड्यांतच होतात हे खरं. त्यातले निम्मे तरी गुणसूत्रांतल्या दोषामुळे. जिना चढल्याने नाही, की घरकाम केल्याने नाही.

माझं पहिल्या वेळी आठव्या आठवड्यात गेलं. नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. चारच दिवसांनी घरी गणपती. पाठ दुखतेय सांगून मी मोदक वळत बसले. सासूबाई सहज म्हणाल्या, "आज कळ्या नीट पडत नाहीयेत गं तुझ्या." जे रडू फुटलं ते कांद्यावरही ढकलता येईना (नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदा कुठला!).

म्हणून दुसऱ्या वेळी सहाव्या आठवड्यातच आईला आणि सासूबाईंना सांगितलं. फोडणीच्या वासाने मी मोरीकडे पळायचे, तेव्हा सासूबाईंनी आधीच ओळखलं होतं म्हणा. आत्या-मावश्यांना मात्र 12 आठवड्यांच्या सोनोग्राफीनंतर. वाईट बातमी ज्यांच्या गळ्यात पडून सांगता येईल, त्यांना चांगली आधी सांग.

आणि हो, आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाचव्यात ठोके दिसले नाहीत तर लगेच घाबरू नकोस, डॉक्टर आठ-दहा दिवसांनी परत बोलावतात. फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलंस ना?