बर्फाला निघालेल्या खान्देशकरांसाठी : काय न्यायचं, काय बिघडतं, का बिघडतं

डिसेंबर लागला की रावेर-यावलकडे केळीला चरका बसतो की काय ही काळजी सुरू होते, आणि त्याच सुमाराला जळगाव-धुळ्याच्या घराघरांत ‘यंदा बर्फ बघायचाच’ अशी टूम निघते. काश्मीरचं गुलमर्ग, मनालीजवळचं सोलंग, उत्तराखंडातलं औली, जिथली माहिती असेल तिथली लिहा. मात्र प्रवासवर्णन नको. ‘आम्ही गेलो आणि काय मजा आली’ हे जेवणानंतर घरच्यांना सांगा. इथे फक्त उपयोगाचं, आणि आकड्यांसकट. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं गाव आहे.

भुसावळ

आपलं नशीब की उत्तरेच्या बऱ्याच गाड्या दारावरून जातात. दिल्लीसाठी पंजाब मेल आहे. झेलम एक्सप्रेस पुण्याहून मनमाड-भुसावळमार्गे जम्मूकडे जाते. मनालीला जायचं तर याच झेलमने अंबाला, तिथून चंदीगड आणि पुढे रात्रीची बस. नंदुरबार-शहाद्याच्या लोकांनी ताप्ती लाइनने जळगाव किंवा भुसावळ गाठावं.

काश्मीरसाठी आता जम्मू-श्रीनगर रस्त्यावर अवलंबून राहायची गरज उरली नाही. रामबन-बनिहाल पट्ट्यात दरड कोसळली की तो रस्ता दिवसदिवस बंद असतो. जून 2025 मध्ये कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. वाटेत गाडी बदलावी लागते, सामानाची तपासणी होते, त्यामुळे दोन गाड्यांमध्ये भरपूर वेळ ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत दिल्ली-पंजाबकडे धुकं असतं. गाडी चार-सहा तास उशिरा जाणं हे त्या दिवसांत नेहमीचं. म्हणून पोहोचायच्या दिवशीचं गंडोल्याचं (गुलमर्गच्या केबल कारचं) तिकीट काढूच नका, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. आणखी एक, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड हवं.

जळगाव

बॅग भरताना थंडीआधी ओलीचा विचार करा. बर्फात माणूस दोन वाटांनी भिजतो: बाहेरून बर्फ वितळून आणि आतून घामाने. सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि तो घाम अंगावरच गार होतो. म्हणून अंगालगत पॉलिएस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस किंवा साधा लोकरी स्वेटर, आणि सगळ्यांत वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. एकच जाडजूड कोट घातला की चालताना घामाघूम, थांबल्यावर हुडहुडी, आणि काढावा तर आत काहीच नाही.

जीन्स घरी ठेवा. बर्फात एकदा गुडघा टेकला की ती भिजते आणि संध्याकाळी पत्र्यासारखी ताठ होते. हातमोजे माणशी दोन जोड. लोकरीच्या मोज्यांना बर्फाचे गोळे चिकटतात, ते आतून घालायला ठीक. वर पाणी न शिरणारे हवेत.

मधला थर, कानटोपी, मफलर हे सगळं हिवाळ्यात गावात बसणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडे मिळतं. वरचं जाकीट, पँट आणि गमबूट मात्र विकत घेऊ नका, जन्मात पुन्हा लागायचे नाहीत. गुलमर्गच्या पायथ्याला टंगमर्गला, तसंच मनालीहून सोलंगच्या रस्त्यावर, भाड्याने देणारी दुकानं ओळीने आहेत. घेताना चेन गळ्यापर्यंत जाते का ते बघा, बुटात हात घालून आतली ओल तपासा आणि तळव्याची नक्षी घासलेली असेल तर दुसरे मागा. गुळगुळीत तळ म्हणजे पहिल्याच वळणावर लोटांगण. आधीच असलेल्या भोकाचा, ठिगळाचा दुकानासमोर फोटो काढा, नाहीतर परत देताना तुमच्या नावावर लागतं.

पायात मोजे मात्र दोन-दोन घाला, बोटं वाचतात.

अमळनेर

वरच्या ताईंचं बाकी सगळं पटलं, मोज्यांचं नाही. गमबूट सैल असेल तर दोन चालतील. स्कीच्या बुटात एकच मोजा, गुडघ्याखालपर्यंतचा, पातळ. दोन घातले की बूट आवळतो, रक्त खेळत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. शिवाय दोन मोज्यांमध्ये घडी पडून फोड येतो. थर्मलची पँटही बुटात खोचायची नाही, मोज्याच्या वरच थांबवायची.

बुटाचं माप असं बघा. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे. गुडघे पुढे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की अंगठा किंचित मागे सरकला पाहिजे आणि टाच उचलली जाता कामा नये. ‘थोडा मोठा द्या, दुखायला नको’ असं सांगून लोक एक नंबर वरचा घेतात. मग वळताना पाय आत फिरतो आणि स्की आपली सरळच जाते.

नवशिक्याला स्कीची लांबी हनुवटी ते नाक एवढी पुरते. काठी उलटी धरून जाळीच्या खाली मूठ आवळा. कोपर काटकोनात आलं तर काठी बरोबर.

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग, बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा म्हणून त्यावर एक आकडा लावतात. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि किती येतं यावरून ठरतो. भाड्याच्या दुकानात आधीच्या माणसाचा आकडा तसाच राहिलेला असतो. नव्वद किलोच्या गड्याचा आकडा पन्नास किलोच्या मुलीला लागला तर स्की सुटणार नाही, गुडघ्याची लिगामेंट सुटेल. दुकानदाराला वजन सांगा आणि आकडा समोर बदलून घ्या. लाजू नका.

बूट अडकवताना आधी तळाचा बर्फ काठीने खरवडून काढायचा. नखभर बर्फ राहिला तरी टाच बसत नाही. आधी पुढचं टोक, मग टाच दाबून खट् आवाज. उतारावर असाल तर आधी खालच्या बाजूची स्की घाला, नाहीतर घालता घालताच घसरगुंडी.

पहिला दिवस फक्त सपाटीवर. एका स्कीवर चालणं, मग दोन्हींवर, मग उताराला आडवं उभं राहून एकेक पाऊल वर चढणं. थांबायला स्कीची मागची टोकं बाहेर ढकलून पुढची टोकं जवळ आणायची; पोरांना तिथले शिक्षक ‘पिझ्झा’ म्हणून शिकवतात. आपली नेहमीची चूक म्हणजे भीतीने मागे झुकणं. वजन मागे गेलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, वळत नाहीत आणि वेग वाढतो. भीती वाटली की पुढे वाका, नडगी बुटाला टेकवा. मन ऐकत नाही, पण इलाज हाच आहे.

पडायचंच तर कडेला, डोंगराच्या बाजूला, बसल्यासारखं पडा. उठताना दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या करा; उताराच्या दिशेने ठेवल्या की उठताक्षणी निघता. काठीचा पट्टा मनगटात अडकवून हातावर पडलं की अंगठा मागे ओढला जातो. ही दुखापत इतकी नेहमीची आहे की डॉक्टरांनी तिला स्की करणाऱ्याचा अंगठा असंच नाव दिलंय.

खरंच शिकायचं असेल तर तासाभराचा ‘गाइड’ नको, कोर्स करा. गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था, औलीला गढवाल मंडल विकास निगमचे 7 आणि 14 दिवसांचे वर्ग असतात. जागा लवकर भरतात.

धुळे

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी. आपल्याकडे रेडिएटरला साधं पाणी ओतायची सवय आहे. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, आणि एका रात्रीत रेडिएटर काय, इंजिनाचा ब्लॉकही तडकू शकतो. निघण्याआधी सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरून घ्या. काच धुवायच्या टाकीतलंही साधं पाणी काढा.

कडक थंडीत डिझेलमध्ये मेणाचे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी वेगळं हिवाळी डिझेल काढलं ते यासाठीच.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओल गोठून जाम होतो. गिअरमध्ये लावा, चाकाखाली दगड ठेवा, वायपर काचेपासून उभे करा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, काच जाते.

बर्फात टायरला बांधायची साखळी, इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच लावायची. बहुतेक छोट्या गाड्यांना ती पुढची असतात. शंभर मीटर चालवून पुन्हा आवळा, ताशी तीसच्या वर जाऊ नका आणि कोरडं डांबर लागलं की काढा. टंगमर्ग ते गुलमर्ग 13 किलोमीटरचा चढ आहे. बर्फ पडल्यावर साखळीशिवाय किंवा फोर-बाय-फोरशिवाय वर सोडत नाहीत. खरं सांगायचं तर गाडी टंगमर्गला लावून स्थानिक गाडीनेच जा, तिथल्या ड्रायव्हरची बरोबरी आपण चाळीसगावच्या घाटात शिकून होत नाही.

चाळीसगाव

घाटाचा टोमणा पोहोचला, धुळेकर. गंडोल्याचं मी सांगतो. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, साधारण 3,080 मीटर. दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, 3,950 च्या आसपास. तिकीट केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर आधी काढायचं, जाताना तेच ओळखपत्र न्यायचं. दलालाच्या हातचं तिकीट दुसऱ्याच्या नावाचं निघू शकतं. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद करतात, म्हणून सकाळची वेळ घ्या.

आपण दोन-अडीचशे मीटरवरची माणसं. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास 60 टक्केच असतो आणि गंडोला तिथे मिनिटांत नेऊन सोडतो. आदल्या रात्री गुलमर्गला मुक्काम केलेला बरा. वर गेल्यावर धावायचं नाही, रिकाम्या पोटी जायचं नाही, दारू तर नाहीच. डोकं दुखून मळमळायला लागलं की फोटो राहू द्या, खाली उतरा. उतरणं हाच उपाय. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती बाधू शकते.

अफरवटला दोरी लावलेल्या हद्दीबाहेर पाऊल नको. हिमस्खलन बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतं, आणि ताज्या बर्फानंतरचे एक-दोन दिवस सगळ्यांत वाईट. नेमके तेच दिवस फोटोला सुंदर असतात.

ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही लागतं. सनस्क्रीन नाकपुडीखाली आणि हनुवटीखालीही लावा. चष्मा साध्या काळ्या काचेचा नको, त्यावर यूव्ही 400 लिहिलेलं हवं. नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

शहादा

पायांची तयारी इथेच होते. तोरणमाळचा सातपायरी घाट महिनाभर आधीपासून आठवड्यातून दोनदा चढा आणि मुख्य म्हणजे उतरा. स्कीला मांडीचा पुढचा स्नायू लागतो आणि तो उतरताना तयार होतो. घरी भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं 30 सेकंदांपासून सुरू करून दीड मिनिटापर्यंत न्या. चालायचे नवे बूटही तिथेच वापरून पायाला रुळवून घ्या. अक्कलकुव्याच्या डाबकडे कडाक्याच्या थंडीत दव गोठतं, पहाटे तिथे कपड्यांची परीक्षा फुकटात होते.

रावेर

दशम्या, मेथीचे-डिंकाचे लाडू आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्याने चार दिवस मऊ राहतात. केळी नेऊ नका. आपल्या दारची असली तरी थंडीत सालं काळी पडतात. पाणी प्यायला विसरू नका, तहान लागत नाही पण शरीर सुकतं. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा.

खोलीचं नीट ऐका. कांगडी (निखाऱ्यांची हातातली शेगडी) किंवा बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटती ठेवून दारं-खिडक्या बंद करून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, दर हिवाळ्यात माणसं झोपेतच जातात. झोपण्याआधी कांगडी बाहेर, खिडकी दोन बोटं उघडी. खोली घेताना इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का ते विचारा, आणि ते चालू करून बघा. रात्री नळ बारीक ठिबकता ठेवा, पाइप गोठत नाही.

नंदुरबार

कुठे जायचं ते थोडक्यात. लहान पोरं आणि कमी दिवस असतील तर सोलंग. तिथे बर्फ कमी असेल तर अटल बोगद्यातून (9.02 किलोमीटर, 2020 मध्ये सुरू) पलीकडे सिस्सूला मिळू शकतो, मात्र बर्फवृष्टीत पोलिस बोगदा बंद करतात. गंभीरपणे शिकायचं असेल तर गुलमर्ग किंवा औली. औलीला जोशीमठचा रोपवे जानेवारी 2023 मध्ये जमीन खचल्यापासून बंद आहे, रस्त्याने वर जावं लागतं. जुन्या माहितीपत्रकांत अजून रोपवेचा फोटो असतो, फसू नका.

काश्मीरचं चिल्लई कलान, म्हणजे सगळ्यांत कडक थंडीचा काळ, 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस. स्कीला बर्फ बहुधा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत चांगला. डिसेंबरच्या सुट्टीत जाऊन कोरडा डोंगर बघून येणारे बरेच असतात.

एरंडोल

आई-आप्पा बरोबर आहेत, दोघं सत्तरीचे. त्यांनी काय करावं?

चाळीसगाव

कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा, डॉक्टरांनी हो म्हटलं तर. दुसरा नको. खाली लाकडी स्लेज आहे, माणूस ओढतो. भाव आणि ‘कुठपर्यंत’ हे बसण्याआधी ठरवा, अर्ध्या वाटेत वाढतो. टंगमर्गजवळ द्रुंगचा गोठलेला धबधबा आहे, तिथे जास्त चढ चढावा लागत नाही. आप्पांच्या हातात रबरी टोपी काढलेली, लोखंडी टोकाची काठी द्या. चालताना पावलं छोटी, पूर्ण तळवा टेकवून, बदकासारखी.

जळगाव

मोज्यांची चूक मान्य, अमळनेरकर. परतीचं एक राहिलं. ओले बूट-मोजे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले तर भुसावळ येईपर्यंत अख्खा डबा तुम्हाला ओळखतो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला. हीटरसमोर ठेवू नका, तळवा सुटतो.